मागच्या सीटवरचे आमचे साडू

पुण्यात राहून ज्याला दुचाकी चालवता येत नाही असा धडधाकट पुरुष मी आयुष्यात एकच पाहिला, आणि या शहरातल्या यच्चयावत दुचाक्यांच्या पुढच्या शॉकॲब्सॉर्बरची काळजी वाहणाराही तोच एक. हे गृहस्थ आमचे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका सरकारी खात्यात त्यांनी जन्मभर नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर कात्रजला फ्लॅट घेऊन राहिले. तरुणपणी दुचाकी शिकायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला होता म्हणे. पण क्लच दाबल्यावर आत नेमकं काय होतं हे समजल्याशिवाय क्लच दाबायचा नाही असं त्यांनी ठरवलं, आणि शिकवणारा मित्र दुसऱ्या दिवशी फिरकलाच नाही. तेव्हापासून गाडी चालवायची मेहुणीबाईंनी आणि साडूंनी मागे बसायचं, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात ठेवून. तीस वर्षं हा संसार असा एकामागे एक बसून झाला. लग्नाकार्यात लोक कुजबुजायचे, पण साडूंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला येतं, मला येत नाही, मग तिने चालवावी, इतका तो सरळ हिशेब होता.

त्यांच्या घरात मात्र एक कडक नियम होता. मागे बसणाऱ्याने बोलायचं नाही. हा नियम लग्नाच्या पहिल्याच महिन्यात झाला. मंडईतून येताना साडू एकाएकी "अगं, ट्रक!" म्हणाले, मेहुणीबाईंनी करकचून ब्रेक दाबला आणि दोन किलो टोमॅटो रस्त्यावर गेले. ट्रक होता, पण रस्त्याच्या पलीकडे, उभा, आणि त्याचं चाक काढलेलं. साडूंना फक्त ते चाक तिला दाखवायचं होतं. मेहुणीबाईंनी टोमॅटो गोळा केले आणि तिथेच सांगितलं की यापुढे गाडीवर असेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. साडूंनी तो नियम असा पाळला की एकदा त्यांची चप्पल पडली तरी ते घरी पोचेपर्यंत गप्प बसले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दोन पावसाळ्यांपूर्वी मेहुणीबाईंनी नवीकोरी बिनगिअरची गाडी घेतली. वर्ष झालं नसेल, त्यांच्याच सोसायटीसमोरच्या गतिरोधकावर, चालत्या माणसाने मागे टाकावं इतक्या कमी वेगात, गाडीचा पुढचा शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे आपला शॉकअप, काडकन मोडला आणि चाक आडवं झालं. साडू पिशवीसकट उभेच्या उभे खाली उतरले. मेहुणीबाईंचं मनगट मोडलं. मनगट सहा आठवड्यांनी जुळलं, पण मधल्या काळात तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं आणि त्याने खरा घोळ केला. चौकशीअंती असं आढळलं की गाडी अयोग्य रीतीने चालवल्यामुळे नुकसान झालं आहे, असं त्यात एक वाक्य होतं. ज्या बाईने तीस वर्षांत कुणाच्या गाडीला आरशाचा धक्कासुद्धा लावला नाही तिला हे वाक्य. मेहुणीबाईंनी किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्याला लावली, आता वय झालं म्हणाल्या, आणि बसने जाऊ लागल्या. मला त्या कंपनीचा असा संताप आला होता की काय सांगू. साडूंना संताप येत नाही. त्यांनी एक शंभर पानी वही आणली.

त्या वहीचं काम असं होतं की याच मॉडेलचे पुढचे शॉकअप आणखी कुणाकुणाचे गेले ते शोधून लिहायचं. त्यासाठी साडू दिसेल ती गाडी तपासू लागले. पुढचा ब्रेक धरायचा, हँडल खाली दाबायचं आणि सोडायचं. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोनतीनदा डुलली तर शॉकअप गेला. मग खाली वाकून दांड्यावरून बोट फिरवायचं आणि त्याला तेल लागलं की वास घ्यायचा. हे सगळं दुसऱ्याच्या गाडीवर, न विचारता. माझ्या पुतणीच्या लग्नात कार्यालयाच्या वॉचमनने त्यांना गाड्यांच्या रांगेत पकडलं आणि मुलाकडचे का मुलीकडचे म्हणून विचारलं. साडू विचारात पडले आणि म्हणाले की सध्या तरी मी तिसऱ्या रांगेपर्यंत आलोय. अक्षता हातात घेऊन मला ओळख पटवायला जावं लागलं. परतताना त्यांनी मला सांगितलं की तुमच्या व्याह्यांच्या गाडीचा उजवा शॉकअप गेलाय, पण आज नका बोलू, उद्या सांगा.

मंडईच्या पार्किंगमध्ये तर ते रविवारी ठाणच मांडून बसत. मी एकदा मेथी घेऊन आलो तर एक बाई त्यांच्यासमोर उभ्या.

"आपण मेकॅनिक का?"

"नाही."

"गाडी आपली आहे?"

"नाही."

"मग हात काढा."

साडूंनी हात काढले आणि शांतपणे विचारलं की गतिरोधकावरून उतरताना पुढून कट्ट असा आवाज येतो का. बाई गाडी काढून निघून गेल्या. दहा मिनिटांनी परत आल्या, गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाल्या, "कट्ट नाही, खट्ट येतो." झालं. साडूंचा चेहरा उजळला. कारण वहीत आवाजांचं एक स्वतंत्र पान होतं. खट्ट म्हणजे तेल गेलं. टकटक म्हणजे बूश झिजलं. चुईं म्हणजे काही नाही, उगाच. आणि कट्ट म्हणजे लोखंडाला चीर, गाडी जागच्या जागी उभी करा. या वर्गीकरणाला कुठल्या पुस्तकाचा आधार आहे असं मी विचारलं, तर म्हणाले तीस वर्षं मागे बसलोय हो, दुसरं काय करणार, ऐकायचंच. मला ते तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं.

कंपनीशी त्यांचा पत्रव्यवहार चालूच होता. प्रत्येक पत्रासोबत मोडलेल्या शॉकअपचं पेन्सिलीने काढलेलं चित्र, तिन्ही बाजूंनी, मापांसकट. उलट यायची ती मशिनने पाठवलेली आभाराची चार ओळींची उत्तरं, आणि साडू त्या मशिनलाही पत्र पोचल्याचं कळवायचे. एकदा कस्टमर केअरमधल्या मुलीचा फोन माझ्यासमोर आला. स्पीकरवर होता. ती बिचारी सांगत होती की सर, रिफंड, रिपेअर आणि एक्स्चेंज असे तीन ऑप्शन आहेत, तुम्हाला कुठला हवाय. साडू म्हणाले, मला यातलं काही नको, ते वाक्य मागे घ्या. कीबोर्डची खटखट ऐकू आली, मग मुलगी म्हणाली, "सर, वाक्याचा ऑप्शनच नाहीये सिस्टीममध्ये."

शेवटी वहीत त्याच मॉडेलच्या एकोणीस गाड्या झाल्या तेव्हा मी त्यांना माझ्या स्कूटरवर घालून खराडीला कंपनीच्या ऑफिसात घेऊन गेलो. पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला शॉकअप होता. काचेच्या त्या इमारतीत आम्हाला दीड तास बसवलं आणि मग एक तरुण इंजिनिअर खाली आला. मी भांडायची सगळी तयारी करून गेलो होतो, पण पोरगा भलताच सरळ निघाला. त्याने वही पहिल्यापासून वाचली. आवाजांच्या पानाचा फोटो काढला. मग टॉवेल सोडून तुटलेली बाजू उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिला.

"काका, हे एका दणक्यात मोडलेलं नाहीये. हा काळपट भाग बघा, इथे गंज आहे, म्हणजे क्रॅक आधीपासून होता. हा चकचकीत भाग तेवढा शेवटी तुटला. चालवणाऱ्याची काही चूक नाही. पण चारपाच दिवस तरी आवाज येत असणार."

"तीन," साडू म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं ते त्यांना आत्ता मिळालं होतं, आणि माणूस पांढराफटक पडला होता. इंजिनिअर म्हणाला मी लेखी रिपोर्ट देतो, वरपर्यंत नेतो. साडूंनी मान डोलावली, शॉकअप त्याच्याकडे ठेवला आणि रिकामा टॉवेल घडी करून पिशवीत घातला.

पार्किंगमध्ये आल्यावर ते माझ्या स्कूटरवर बसेनात. म्हणाले, आधी बोलतो, बसल्यावर बोलता येणार नाही. आणि मग उभ्या उभ्या सांगितलं. तीन दिवस कट्ट असा आवाज येत होता. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं खडा असेल. दुसऱ्या दिवशी खडा नाही हे कळलं. गाडीवर बोलायचं नव्हतं म्हणून घरी गेल्यावर सांगू असं ठरवलं, तर घरी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी ती खुशीत होती, गुणगुणत चालवत होती, मग राहिलं. "तिचं काही चुकलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं हो," ते म्हणाले. "कुणाचं चुकलं तेही माहीत होतं." एवढ्या लोकांच्या गाड्या दाबून त्यांना हा माणूस सावध का करत सुटला होता ते मला त्या खराडीच्या उन्हात समजलं, आणि खरं सांगतो, मला त्यांच्याकडे बघवेना. मी हेल्मेट उगाच पुसत बसलो.

त्यांनी त्याच संध्याकाळी मेहुणीबाईंना सगळं सांगितलं. हे मला बायकोकडून कळलं, बहिणी एकमेकींना सगळं सांगतात. मेहुणीबाई दोन दिवस त्यांच्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत. नियम कुणी केला होता हे त्यांनाही आठवत असणारच. पुढे महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. आधीचं वाक्य रद्द समजावं असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, आणि त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या पुढचा भाग बदलायला परत बोलावल्या होत्या. मेहुणीबाईंनी पत्र दोनदा वाचलं, फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

गाडीचा पुढचा भाग बदलून आल्यानंतरच्या रविवारी आम्ही चौघं मंडईला निघालो. ते दोघं पुढे, आम्ही मागे. सोसायटीसमोरचा तोच गतिरोधक आला. मेहुणीबाईंनी गाडी इतकी हळू घेतली की मला पाय टेकावे लागले. पलीकडे उतरल्यावर त्या थांबल्या आणि मान किंचित वळवून म्हणाल्या, "अहो, काही ऐकू आलं का?"

साडू दचकले. तीस वर्षांत गाडीवर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते पिशवी धरून पुढे झुकले, बराच वेळ कान देऊन राहिले, गाडी उभी होती तरी. मग म्हणाले, "नाही."

"आलं तर सांगाल ना पण?"

त्यांनी नुसती मान हलवली. सवय, दुसरं काय. मेहुणीबाईंनी जरा वाट पाहिली, मग डावा हात काढून डाव्या बाजूचा आरसा आत वळवला, इतका की त्यात साडूंचा चेहरा दिसू लागला, आणि गाडी पुढे घेतली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे साफ चूक आहे. त्या आरशात मागची एकही गाडी दिसत नसणार, आमचीसुद्धा. मंडई येईपर्यंत मी त्यांच्या मागेच होतो, आणि मी हॉर्न वाजवला नाही.