खोगीरमामांची सीट

साल एकोणीसशे पन्नास. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून खोगीरमामांच्या दुकानात होतो. मामा माणसाचं तोंड बघत नसत, बसणं बघत. एकदा त्यांच्या भाचीला बघायला पावणे आले. चहा झाला, सुपारी झाली. ते गेल्यावर मामा म्हणाले, "पोरगा एका कुल्ल्यावर बसतोय. कायम उठून जायच्या तयारीत. पोरगी द्यायची न्हाय." आणि दिली नाही. बहीण कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

संस्थानच्या पागेची खोगिरं त्यांच्या हातची. खोगीर शिवून झालं की मामा स्वतः त्यावर बसून जेवत. भाकरी संपेपर्यंत बूड आठवलं नाही, तरच ते दुकानाबाहेर जाई. मी तिसरीत शाळा सोडली, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला शिकवील असा माणूस तिथं नव्हताच.

मग आदल्या साली संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोडे गेले. दुकानात माशा. मोटारीच्या गाद्या शिवू या, असं सांगून मी थकलो. पत्र्याच्या डब्याला हात लावणार नाही, हा मामांचा हेका. इचलकरंजीच्या माझ्या थोरल्या भावानं मागावर माझी जागा बघून ठेवली. मला माग नको होता. माझा हात चामड्याचा, मी सूत कशाला धरू?

अशात एक वकीलसाहेब आले. त्यांच्याकडं दोन माणसांची, बिनटपाची, बुटकी रेसची मोटार होती. रंकाळ्यावरून निघाली की माणसं बघत उभी राहायची. पण सीट म्हणजे नुसती फळी. साहेबांची पाठ धरली होती आणि डॉक्टरांनी मोटार विकून टाका म्हणून सांगितलं होतं. मामांनी त्यांना बसवलं, सगळीकडून बघितलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, काम घेतलं.

पहिली सीट त्यांनी थेट खोगिरासारखी केली. मध्ये उंच, दोन्ही अंगाला उतार. मी म्हणालो, मामा, घोड्यावर पाय खाली लोंबतात, मोटारीत पुढं पसरतात. "तू मला शिकीवणार व्हय रं?" साहेब पन्हाळ्याला जाऊन आले ते वाकडे होऊनच. आम्ही दोघांनी धरून उतरवले. संध्याकाळी मामांनी ती सीट उसवून टाकली. मग म्हणाले, "आणि एकदा करतो. न्हाय जमलं तर दुकानाला कुलूप. तू जा मागावर."

मग त्यांनी साहेबांना तालमीत नेलं. कुस्तीच्या हौद्यातली माती तेल-ताक घालून मऊ केलेली असते. पैलवान चीत झाला की त्याच्या पाठीचा ठसा उठतो, हे मामांनी जन्मभर बघितलेलं. तिथं साहेबांना मोटारीत बसल्यासारखं बसवायचं आणि त्या ठशाच्या मापानं सीट भरायची. वस्ताद आडवे आले. लंगोट लावल्याशिवाय हौद्यात कुणी उतरायचं नाही, मग वकील असो नाहीतर जज्ज. साहेबांनी मुकाट्यानं लंगोट लावला, मातीच्या पाया पडले आणि ढिगाला टेकून पाय पसरून बसले. चाक म्हणून मामांनी हातात चाळण दिली. जोर मारणारे पैलवान थांबले. एक म्हणाला, "पावणं, हारन वाजवा की. म्हस आडवी आलीया." साहेबांनी खरंच तोंडानं पोंपों केलं. सगळी तालीम हसली. मामा नाही हसले. ते गुडघ्यावर बसून ठशाच्या कडा वितीनं मोजत होते.

ती सीट आम्ही भांडत भांडत भरली. खाली काथ्या, वर घोड्याचे केस, मांडीखाली चढ, कमरेला उशी. साहेब उजवीकडं कलून बसतात असं ठशात दिसलं, म्हणून त्या अंगाला जादा भर.

सीट मोटारीत बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब गगनबावड्याला निघाले. रस्ता सगळा खडीचा. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मी हत्यारं पुसत बसलो. विकायची तर पुसलेली बरी. दिवस कलताना मोटार दारात आली. इंजिन बंद झालं. साहेब उतरेनात. मामांचं तोंड उतरलं. मला म्हणाले, "जा, धरून उतरीव."

मी जाऊन हात पुढं केला. साहेब हाताकडं बघत राहिले. "कशाला? बसू दे की जरा. घरच्या खुर्चीत एवढं बरं वाटत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मामा पायरीवरून उठले, सीटवर थाप मारून साहेबांना म्हणाले, "शिवण ह्यानं घातलीया. उसवली तर ह्याला धरा." आयुष्यात त्यांनी माझं केलेलं कौतुक ते एवढंच, आणि मला ते पुरलं. पुढं मामा गेले तोवर दारात सांगली-मिरजेच्या मोटारी उभ्या राहत होत्या.

पण त्या संध्याकाळी हे कुणाला ठाऊक होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या यष्टीनं इचलकरंजीला गेलो, भावाला दारातूनच माग नको म्हणून सांगितलं, त्याचा चहासुद्धा घेतला नाही, आणि परत येऊन काथ्या पिंजायला बसलो.