काचेतला शंख

"बोथ!" असं म्हणून ते हातातली कात्री टेबलावर आपटायचे आणि विचारणाऱ्याचा प्रश्न तिथेच संपायचा.

प्रश्न नेहमीचाच असे. तुम्ही बुद्धिस्ट की शिंतो? रोपं घ्यायला आलेली गिऱ्हाइकं सहज कुतूहलाने विचारत. उत्तर एकच, दोन्ही. त्यावर कुणी हसून "पण दोन्ही कसं असेल?" म्हटलं, की ते पाठ फिरवून समोरच्या पाइनशी जपानीत बोलू लागत. ते बोलणं प्रेमाचं नाही, हे भाषा येत नसूनही सगळ्यांना कळायचं.

चौऱ्याऐंशी साल असेल. अमेरिकेत, रेडमंडजवळच्या त्या नर्सरीत मी काचघरात काम करत होते. नागपूरला बॉटनीत एम.एस्सी. करून, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे येऊन मी कुंड्यांत माती भरत होते, त्यामुळे माझाही पारा तेव्हा चढलेलाच असे. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पाइन छाटण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालकसुद्धा त्यांना वचकून असे. मी त्यांना आजोबा म्हणू लागले. त्यांनी अर्थ विचारला तेव्हा सांगितला. "मी तुझा आजोबा नाही," असं ते तुटकपणे म्हणाले, पण हाकेला ओ द्यायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या रागाला आपण स्वभाव म्हणतो आणि पुढे जातो. मीही वर्षभर तेच केलं.

दर उन्हाळ्याच्या शेवटी ते आठवडाभर सुट्टी घेत. परत येत ते उन्हाने सोललेलं नाक आणि सुजलेली पावलं घेऊन. एकदा मी त्यांच्या टाचेला मलम लावून दिलं, तेव्हा कळलं. जपानच्या उत्तरेला डोंगरात तप करणारे लोक असतात, यामाबुशी. आजोबांचं घराणं त्यांचं. पांढरे कपडे घालून डोंगर चढायचा, गार धबधब्याखाली उभं राहायचं, अग्नी पेटवायचा, शंख फुंकायचा. डोंगरात शिरताना माणूस मरतो आणि खाली येताना नव्याने जन्मतो. डोंगराचा देव शिंतोंचा, म्हणजे जपानच्या जुन्या धर्माचा, पण तो आणि बुद्ध त्यांना वेगळे नाहीत. इथे तो डोंगर नव्हता, म्हणून ते आमच्या क्षितिजावरच्या बर्फाच्या डोंगरावर जात. एकटेच.

त्या अग्नीला ते गोमा म्हणत. मंत्राच्या शेवटी सोवाका. मी उडालेच.

"आजोबा, हा आमचा होम! आणि सोवाका म्हणजे स्वाहा!"

वाटलं, खूश होतील. ते माझ्याकडे रोखून बघत राहिले.

"तुमच्याकडून आलं?"

"हो!"

"तू करतेस?"

"नाही... म्हणजे लग्नात वगैरे भटजी करतात."

"मग ओरडतेस कशाला?" आणि पाय ओढून घेऊन निघून गेले.

पुढची गोष्ट त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितली. त्यांच्या आजोबांच्या काळात सरकारचा हुकूम निघाला. देव वेगळे, बुद्ध वेगळे, आणि दोन्ही एकत्र मानणाऱ्या यामाबुशींना बंदी. एक काहीतरी निवडा. त्या आजोबांनी निवडलं नाही. शंख भाताच्या कणगीत लपवून शेती केली. तोच शंख घेऊन आमचे आजोबा पोरवयात वडिलांबरोबर अमेरिकेत आले. युद्धात जपानने बाँब टाकल्यावर शेरीफ शेतावर आला. त्याने रेडिओ नेला, कॅमेरा नेला आणि शंखही नेला. हा फुंकून शत्रूच्या बोटींना खुणा कराल, म्हणाला.

"शेतातून समुद्र दिसत नव्हता," ते म्हणाले. "वाससुद्धा येत नव्हता."

मग इथल्या सगळ्या जपान्यांबरोबर सरकारी छावणीत, तारांच्या कुंपणाआड तीन वर्षं. बायको तिथेच गेली. सुटल्यावर शंख मागितला, तर असा काही शंख नेल्याची नोंद नाही.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी मी आणि नवरा तासाभरावरच्या एका छोट्या म्युझियममध्ये गेलो होतो. जुने नांगर, बग्ग्या, आणि काचेच्या कपाटात एक मोठा शंख. त्यावर दोरीची जाळी होती, तोंडाशी चांदीची नळी होती आणि शेजारी काळ्या लाखेने बुजवलेली चीर होती. ती चीर आजोबांनी मला हवेत बोटाने काढून दाखवली होती. खाली पाटी होती, 'मासेमारीचा भोंगा. जपानी शेतकऱ्यांकडून भेट.'

भेट! मी तिथल्या तिथे नवऱ्याला सगळं सांगितलं.

"सोड ना यार," नवरा म्हणाला. "म्युझियमशी पंगा कशाला?"

मी सोमवारी आजोबांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं कधीकधी वाटतं. कधी अजिबात वाटत नाही.

पुढच्या शनिवारी मी ड्राइव्ह केलं, ते कोट घालून शेजारी बसले. म्युझियमची बाई फार गोड बोलली.

"हा तुमचाच असल्याचा काही पुरावा आहे?"

"तुमच्या शेरीफने नेला तो."

"बरं, कुठल्या धर्मसंस्थेचा आहे? बौद्ध मंदिराचं पत्र आणलंत, किंवा शिंतो..."

"बोथ."

"सर, फॉर्मवर एकच लिहिता येतं."

"हे माझ्या आजोबांनाही सांगितलं होतं," ते म्हणाले.

तिला बहुधा वाईट वाटलं. तिने पांढरे हातमोजे दिले, कुलूप काढलं आणि शंख त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी हातमोजे काढून टाकले, शंख ओठांना लावला आणि फुंकला.

घरच्या देवघरातला शंख मी लहानपणापासून ऐकलेला. हा तसा नव्हता. आवाज खालून चढत गेला, मध्येच फाटला, पुन्हा वर गेला. काचा थरथरल्या. गार्ड धावत आला. बाई "सर, प्लीज, सर," म्हणत राहिली. त्यांनी तीनदा फुंकला, पूर्ण. मग स्वतःच्या बाहीने नळी पुसली आणि शंख स्वतःहून तिच्या हातात दिला. मी रडत होते. ते नव्हते.

"आजोबा, आपण तो घेऊन पळायला हवं होतं," गाडीत मी म्हणाले.

"मी चोर नाही," ते म्हणाले. "चोर ते."

महिन्याने पत्र आलं. समितीने विचार केला, शंख देता येणार नाही, मात्र पाटी दुरुस्त केली आहे. आता तिथे 'जपानी बौद्ध धार्मिक वाद्य' असं होतं. पत्र मीच वाचून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं, आणि ते हसणं मला सहन झालं नाही.

"अर्धा चोरला," ते म्हणाले, "अर्धा पुसला."

मी वकिलाचं नाव काढलं. त्यांनी हात झटकला आणि कामाला लागले. त्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. फेब्रुवारीत गेले.

दोन वर्षांनी म्युझियमच्या त्याच बाईचा घरी फोन आला. आवाज तसाच गोड. इथल्या जपानी लोकांवर नवं दालन करतोय, तुम्हाला आठवतात ना ते, त्यांचा एखादा फोटो असेल तर फार छान होईल, खाली तुमचं नाव घालू, 'भेट' म्हणून.

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."

एक आहे. शिडीवर उभे आहेत, आमच्याकडे पाठ, एक हात पाइनमध्ये कोपरापर्यंत बुडालेला, आणि मान वळवून कॅमेऱ्यावर खेकसतायत. तो फोटो माझ्या कपाटात आहे. तिथेच राहील.