दोन मात्रांची जागा

फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर बसची वाट बघत होतो आणि बस उशिरा म्हणून चिडलो होतो. पुरुषोत्तमच्या मुलीचा, रेवतीचा आवाज. "काका, बाबा गेला... आत्ताच." मी म्हणालो, "बरं." बरं! चाळीस वर्षांचा मित्र गेल्याचं कळल्यावर कुणी बरं म्हणतं? मग बस आली, मी चढलो, आणि पाच स्टॉप गेल्यावर लक्षात आलं की ती हॉस्पिटलच्या उलट दिशेला चालली आहे. त्याला आता सहा आठवडे झाले, पण मला अजून एका जागी बसवत नाही. चहा करतो, तो ओट्यावर गार होतो. घरचे म्हणतात, पायाला भिंगरी लागलीय. त्यांना कारण माहीत नाही. कारण हे, की शेवटच्या भेटीत मी त्याच्याशी खोटं बोललो.

आम्ही दोघं एकाच वर्षी इथे आलो. मी कौन्सिलच्या ऑफिसात चिकटलो; तो एअरपोर्टजवळच्या एका मोठ्या किचनमध्ये, विमानात जाणारी जेवणं ट्रेमध्ये भरायला. तिथे कुणालाच 'पुरुषोत्तम' म्हणता येईना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याचा पॉल झाला. तिथल्याच एका जमैकन ड्रायव्हरने त्याला ती कॅसेट दिली. त्या दिवसांत ते गाणं दुकानात, मिनीकॅबमध्ये, सगळीकडे वाजत असे. सोल म्हणतात तसलं, अमेरिकेतल्या एका बँडचं. दोन मोठे गायक थोड्याच अंतराने गेले होते, त्यांच्या आठवणीतलं. पण रडगाणं नव्हे. ऐकताना पाय आपोआप ठेका धरायचा आणि मग आपलं आपल्यालाच ओशाळं वाटायचं. पुरुषोत्तम मात्र त्या गाण्याने झपाटला. "ऐक," तो म्हणाला, "आपल्याकडे माणूस गेला रे गेला की नावामागे 'कैलासवासी' लावून लांब पाठवून देतात. हे लोक बघ... पहिल्या नावानं हाक मारताहेत. जणू पलीकडच्या खोलीत बसलेत दोघं."

त्या चालीवर त्याने मराठी शब्द लिहिले. बरे होते, फार ग्रेट नव्हते. मी तसं सांगितल्यावर महिनाभर अबोला धरला त्याने. पण एक गोष्ट त्याला साधली होती. शेवटच्या कडव्यात त्याने दोन मात्रांची जागा मोकळी ठेवली, इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या गेलेल्या माणसाला हाक मारायला. मंडळात भावगीतं म्हणणाऱ्या सुधाताई गेल्या, तेव्हा तिथे 'सुधा' आलं. तबल्यावरचे नाना गेले, तेव्हा कडवं पुन्हा म्हणून 'नाना'. अशी ती जागा भरत गेली. दरवर्षी संगीताच्या कार्यक्रमात शेवटी हेच गाणं. तो गायचा, मी कीबोर्डवर.

"माझी पाळी आली की काय करशील रे?" एकदा त्याने विचारलं.

"पॉल म्हणेन. फिट्ट बसतं."

मी चेष्टेनं बोललो, पण तो भडकला. "पॉल त्या किचनमध्ये राहिला. मंडळात मला माझ्या नावानं हाक मारायची. बसव कसंही."

बसव म्हणे! दोन मात्रांत पु-रु-षो-त्त-म. विमानातल्या सीटवर अख्खं कुटुंब बसवण्यापैकी प्रकार. मी बसलोही नाही बसवायला. वाटलं, आहे की वेळ. मग तो आजारी पडला. जाण्याच्या तीन दिवस आधी मी भेटायला गेलो, तर पलंगाच्या कठड्यावर बोटांनी तोच ठेका चालला होता. माझ्याकडे न बघताच विचारलं, "बसवलंस?" मी म्हणालो, "बसवलं." त्याने डोळे मिटले आणि बोटं थांबली. इतकं निवांत मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचीच मला लाज वाटते.

नंतरचं सगळं धावपळीतच झालं. मृत्यूची नोंद करायला त्याच्या बायकोबरोबर, मालतीवहिनींबरोबर, मी गेलो. रजिस्ट्रार बाईंनी अगदी हळुवारपणे विचारलं, त्यांचं पूर्ण नाव काय? वहिनी गप्प. पुन्हा विचारलं, तर माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, वहिनींना हुंदका आवरत नाहीये. मग ट्यूब पेटली. वहिनींनी नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर कधी नाही. मीच सांगितलं, स्पेलिंगसकट. अंत्यसंस्काराला तारीख अठरा दिवसांनंतरची मिळाली, म्हणजे तेरावा आधी आणि अग्नी नंतर. गुरुजी म्हणाले दिवस अग्नीपासून मोजू, तर वहिनींचे एडिनबराचे दीर फोनवर म्हणाले गेल्यापासूनच मोजायचे... पुरुषोत्तम असता तर पोट धरून हसला असता.

आणि मंडळाचा कार्यक्रम येत्या रविवारी. सेक्रेटरींनी कागद पाठवला: 'कै. पुरुषोत्तम यांना श्रद्धांजली.' मी तो 'कै.' पेनने इतका खोडला की कागद फाटला. पण गायचं काय? 'पुरू' करून बघितलं. त्याला पुरू कुणी कधी म्हटलं नव्हतं. 'उत्तम' केलं, तर वाटलं सर्टिफिकेट देतोय. नाव घाईने कोंबलं की पुढची ओळ घसरायची. शेवटी परवा दुपारी त्याच्याच घरी गेलो, त्याच्या खोलीत, त्याच्या कॅसेट डेकपाशी. तिथे तरी काही सुचेल म्हणून.

डेक आहे तसाच आहे, आत आमची सरावाची, नुसत्या वाद्यांची टेप. आवाजाच्या गोल बटणाशेजारी एक लाल टिकली चिकटवलेली आहे. ती वहिनींची सोय. बटणाचा काटा या टिकलीच्या पुढे न्यायचा नाही. तो रोज न्यायचा आणि रोज स्वयंपाकघरातून ओरडा खायचा. रेवती दारात उभी होती. मी तिसऱ्यांदा अडखळलो तेव्हा म्हणाली, "काका, तो नाव फिट नाही होत तर leave it ना. बाबाला चालेल."

"त्याला चालणार नाही," मी खेकसलो. बिचारीचा काय दोष! पण मी खेकसलो, टेप मागे घेतली आणि चिडून बटण पार फिरवलं. खिडकीची काच थरथरायला लागली. शेवटचं कडवं आलं. सुधा म्हटलं. नाना म्हटलं. मग ती जागा आली आणि माझ्या तोंडून काहीच निघेना. ठेका तेवढा चालू राहिला, मोकळाच.

"अहो!"

स्वयंपाकघरातून. पोळ्या लाटता लाटता, सवयीने. नेमक्या त्या दोन मात्रांवर, एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

मग आत लाटणं थांबलं. रेवतीने तोंडावर हात धरला. 'आवाज कमी करा' हे पुढचं वाक्य आलंच नाही. बटण टिकलीच्या कितीतरी पुढे होतं. मी ते तसंच राहू दिलं, आणि टेप पुन्हा त्या कडव्यापाशी नेली.