रुमालाखालची बोटं

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि एक्सरेच्या गाडीबरोबर गावोगाव हिंडायचे. गाडी खरं तर टीबीसाठी, पण आमच्या डॉक्टरांच्या डोक्यात वेगळंच बसलं होतं. बिडी ओढणाऱ्यांच्या छातीत गाठ धरते, ती वेळेत सापडली तर माणूस वाचतो, असं ते म्हणायचे. "आज आपली एक गाडी आहे, उद्या देशभर फिरतील." फिल्म मोजक्याच मिळायच्या. म्हणून चाळिशी उलटलेल्या बिडीवाल्यांचाच फोटो काढायचा, असं ठरलं.

घोडेगावच्या बाजारात गाडी लावली. रांगही लागली. मी एकेकाला विचारत गेले, "बिडी ओढता का?" जो तो न्हाई म्हणे. बोटं पिवळी, ओठ काळे, आणि म्हणे न्हाई! मी कपाळाला हात लावला. कारण मला ठाऊक होतं म्हणा. कुणाच्या मागं थोरला भाऊ उभा, कुणाच्या पुढं सासरा. वडीलधाऱ्यांसमोर बिडी ओढायची नाही, आणि ओढतो असं कबूलही करायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

त्याच रांगेत माझे आबा होते. आबा हेडी, म्हणजे जनावरांच्या खरेदी-विक्रीतले दलाल. पावसाळ्यापासून त्यांचा खोकला ऐकून माझा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्या मागंच तात्या, माझे थोरले चुलते. आबांनी जन्मभर तात्यांना बिडीचा धूर दिसू दिला नव्हता.

"बिडी?" मी विचारलं.

"न्हाई बा," आबा माझ्याकडं न बघता म्हणाले आणि तिथंच खोकले.

आता लेकीनं बापाला चारचौघांत खोटं पाडायचं का? आणि गप्प बसावं तर फोटो हुकतो. मला रागही आला आणि रडूही आलं. शेजारी दोन हेडी बैलाचा भाव ठरवत होते, नेहमीसारखा, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून. भोवती ही गर्दी, पण भाव त्या दोघांनाच ठाऊक.

मी आबांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि आमच्या हातांवर टाकला. "दिवसाला किती बंडलं, ते सांगा. तोंड उघडू नका."

आबांनी एकदा मागं तात्यांकडं बघितलं. मग त्यांनी माझी तीन बोटं घट्ट धरली. मला वाटलं होतं, एखादं बंडल असेल. निघाली तीन! "व्हा पुढं," एवढंच म्हटलं.

तात्यांनी पुढं येऊन आपणहून रुमालाखाली हात घातला. दोन बोटं! तोंड असं गंभीर, की जणू बैलच घेतायत. मी हसू दाबलं. मग सगळी रांग रुमालाखालून गेली.

तात्यांची छाती साफ निघाली. आबांच्या फोटोत बोराच्या बीएवढा डाग होता. पुण्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, बरं झालं लवकर आणलंत, पसरलेलं नाही. फुफ्फुसाचा तुकडा काढला. ऑपरेशन होईस्तोवर आईनं आणि मी बाकावर बसून एकमेकींचा हात सोडला नाही.

दुसऱ्या वर्षी गाडी पुन्हा घोडेगावला गेली. आबा बाजारात होते, बारीक झालेले, पण भाव करत होते. मला बघून आले आणि रुमाल स्वतःच हातांवर टाकला. मी वाट बघत राहिले. त्यांनी एकही बोट धरलं नाही. नुसता तळहात माझ्या तळहाताला लावून ठेवला. माझे डोळे भरून आले.

"आटपा की," मागून तात्या म्हणाले, "मलाबी सांगायचंय."