दगडाची बाई आणि भिजलेली चित्रं

भावानं तिचं नाव 'धांदल' ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नव्हतं. घरातल्या एकाही कपाला तिनं धड कान ठेवला नव्हता. त्याच भावानं, तो सुतार होता त्या संग्रहालयात, तिला नोकरीला चिकटवलं, तेव्हा वहिनी म्हणाली होती, आता त्या चित्रांना देवच वाली. पण तळघरातल्या भांडारात शिरलं की तिचे हात वेगळेच होत. तिथं तैलचित्रं होती, विणलेले पडदे होते, लाकडी मुखवटे, फुंकून केलेली काचेची भांडी, खणांत निजवलेली कागदावरची चित्रं, आणि कोपऱ्यात मान वळवून उभी दगडाची बाई. कुणाला ओल सोसत नाही, कुणाला उजेड, हे तिनं सासरच्या माणसांचे स्वभाव ओळखावेत तसं ओळखून घेतलं होतं.

त्या दुपारी छतातला पाण्याचा पाइप फुटला. भाऊ तिथंच सुतारकाम करत होता. दगडाच्या बाईची जुनी बैठक काढून नवी बसवत होता. भांडाराच्या प्रमुखबाई जिन्यावरून ओरडल्या, आधी कागद बाहेर काढा. तिनं चित्रांचा ट्रे उचलला, पोटाशी धरला आणि घोट्याएवढ्या पाण्यातून निघाली.

मागं लाकूड करकरलं. बैठकीखालची पाचर पाण्यानं सरकली होती. मूर्ती कलली होती, आणि भाऊ तिला खांदा लावून भिंतीशी अडकला होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "धांदल, माझ्याच्यानं धरवत नाही."

"ट्रे इकडे दे आधी!" जिन्यावरून प्रमुखबाई म्हणाल्या.

जिना तसा जवळच होता. पण भावाचा पाय घसरताना तिला दिसला. ट्रे टेकवायला कोरडी जागा नव्हती. तिनं ट्रे पाण्यातच ठेवला आणि धावत जाऊन मूर्तीला पाठ लावली. पहारेकरी येईपर्यंत दोघं तशीच उभी होती, दात आवळून. मूर्ती सरळ झाली तेव्हा तिनं वळून पाहिलं. पाण्यात निळा रंग पसरत चालला होता.

बरीचशी चित्रं टिपकागदात वाचली. नदीचं एक मात्र कोरं झालं.

चौकशीच्या दिवशी विश्वस्तांनी विचारलं, ट्रे खाली कुणाच्या सांगण्यावरून ठेवला? ती तोंड उघडणार, तोच प्रमुखबाई म्हणाल्या, "माझ्या."

विश्वस्तांनी बाईंना लेखी समज दिली. बाहेर आल्यावर तिनं हळूच विचारलं, "बाई, तुम्ही असं का सांगितलंत?"

"तेच सांगायला हवं होतं मी तेव्हा," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि मी काय म्हणाले, ते तू ऐकलंयस. तुझ्या भावानंही."

भावाचा हात अजून गळ्यात बांधलेला होता. ती बाईंच्या मागोमाग तळघरात उतरली. टिपकागद बदलायची वेळ झाली होती, आणि ते काम एकटीचं नव्हतं.