विटांवरची मोटार

माझ्या मोठ्या मामांशी सरकारने भांडण उकरून काढायला नको होते. जर्मनीशी लढाई चालू असताना आमच्या इतवारी पेठेत दुसरी आघाडी उघडणे कोणत्याच सरकारला झेपत नाही. मामांची संत्र्यांची आडत होती, पण खरा धंदा भांडण. टपालकचेरीची खिडकी वेळेआधी मिटते म्हणून त्यांनी एकदा तिच्यात कोपरापर्यंत हात घालून ठेवला आणि घड्याळाचे ठोके पडेपर्यंत आतल्या बाबूला संत्री कशी निवडावी ते समजावत उभे राहिले. बाबूने पुन्हा कधी घाई केली नाही.

लढाईपायी पेट्रोल मिळेना, तेव्हा मामांनी आपली मोटार अंगणात विटांवर चढवली आणि चाके माळ्यावर टाकली. मामींचे पाय संधिवाताने गेले होते. खाटेवर त्यांचा जीव घुसमटे, म्हणून रोज संध्याकाळी मामा त्यांना उचलून मोटारीच्या मागच्या गादीवर बसवत, स्वतः स्टिअरिंग धरत आणि विचारत, "बोल वं, कुठं जायचं आज?" मामी कधी रामटेक म्हणत, कधी माहेर. मोटार जागची हलत नसे, पण दोघे दिवेलागणीला प्रवासातून आल्यासारखे दमून घरात येत.

अशा मोटारीचा कर थकला म्हणून नोटीस आली: दंड भरा, नाहीतर मोटार जप्त. गाडी बंद आहे एवढे आधी कळवले असते तर भागले असते, असे मी म्हणालो मात्र, मामा उसळले. "काहून कळवू गा? माह्या आंगणात काय पडलं आहे ते सरकारले सांगू? उद्या म्हणतील, लोणच्याच्या बरण्या किती ते लिहून द्या! अन् गोठ्यात बसलेल्या बैलाले नाक्यावरचा कर लागते काय?"

शेवटी एक निरीक्षक आला. भला माणूस! त्याने विटा पाहिल्या, माळ्यावरची चाके पाहिली, टपावरची कोंबडी स्वतः हुसकावली. "वर्षभरात गाडी रस्त्यावर आलीच नाही, एवढं सांगा, दंड माफ करवतो," तो म्हणाला. जिंकलो होतो हो! मी चहा सांगायला वळलो, तोच मामा छाती काढून म्हणाले, "आली नाही कशी? दसऱ्याले सीमोल्लंघन नको काय? चाकं चढवली, बैलजोडी जुंपली, हिले आत बसवलं अन् शिवेवरून सोनं लुटून आणलं!"

निरीक्षकाने कपाळाला हात लावला. "काकाजी, दसऱ्याचं मी ऐकलंच नाही. पुन्हा सांगा."

"पुन्हा काय सांगू? देवीच्या वाटेनं नेलेली गाडी नेली नाही म्हणू?"

दंड कायम झाला. "लोक देशासाठी जेलात चालले, मी मोटारीसाठी जाईन," असे जाहीर करून मामांनी खरोखरच वळकटी बांधली. त्या संध्याकाळी मामींनी एवढेच विचारले, "तुम्ही जेलात, गाडी कचेरीत; मले कोण बसवणार, अन् कशात?"

मामांनी वळकटी सोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी एकटेच गेले आणि दंड भरून आले. येताना टांगेवाल्याशीसुद्धा भांडले नाहीत. त्यांना इतके गप्प मी कधी पाहिले नव्हते, आणि खरे सांगतो, सरकारचा मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा पुढे कधीच आला नाही.

दिवस कलल्यावर त्यांनी मामींना उचलून गादीवर बसवले, स्टिअरिंग धरले आणि खालमानेने विचारले, "बोल वं, कुठं?"

मामी पदर सारखा करत म्हणाल्या, "त्या कचेरीवरून घ्या. अन् भोंगा वाजवा."

मामांनी भोंग्याचा रबरी फुगा दाबला. शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले तरी ते दाबतच राहिले. बऱ्याच वेळाने मामी हळूच म्हणाल्या, "पुरे आता. घरी घ्या."