पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये नाना

धाकटा भाऊ गेला त्या वर्षी मी जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला कॉम्प्युटर फंडामेंटल्स शिकवत होते. आजही तेच शिकवते. त्याचा प्रवेश आमच्याच कॉलेजात, इलेक्ट्रिकलला झाला होता. तो माझ्याकडे राहणार, दोघं माझ्या स्कूटीवर कॉलेजला जाणार, असं ठरलं होतं. कागदपत्रं जमा करून तो मित्राच्या मोटरसायकलवर धुळ्याला परत निघाला आणि पारोळ्याच्या अलीकडे ट्रकने त्यांना उडवलं. मित्र वाचला.

धुळ्याला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि लगेच मी कामावर हजर झाले. स्टाफरूममधले लोक म्हणायचे, खंबीर आहे हो. मी खंबीर नव्हते. मला काही होतच नव्हतं. चहा प्यायचे, पण तो गरम होता की गार, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फळ्यावर इनपुट, प्रोसेस, आउटपुट लिहायचे, बाण काढायचे. अक्षर नेहमीसारखंच नीट यायचं. समोर सगळी त्याच्या वयाची मुलं. त्यांच्यात तो नाही, हे मला माहीत होतं. पण पेपरात कुणाबद्दल वाचावं, तसं माहीत होतं.

आई आम्ही लहान असतानाच गेली होती. धुळ्याच्या घरात आता वडील एकटे. ते एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. एका सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. नाना गॅस चालू ठेवून ओट्यावर बसून राहिले होते, भांडं जळून धूर बाहेर आला तरी उठले नव्हते. त्याच दिवशी मी जाऊन त्यांना घेऊन आले. येताना बसमध्ये ते खिडकीपाशी बसले नाहीत. पारोळा येऊन गेलं तरी मान वर केली नाही.

माझ्या खोलीवर तरी वेगळं काय होतं? सकाळी ज्या खुर्चीवर सोडून जायचे, त्याच खुर्चीवर संध्याकाळी सापडायचे. झाकून ठेवलेला डबा तसाच. शेवटी मी म्हटलं, "नाना, माझ्यासोबत कॉलेजला चला."

"मी तठे काय करू?"

"बसा. इथेही बसताच आहात."

विभागप्रमुखांना विचारलं. ते थोडं घुटमळले, मग म्हणाले, "बसू द्या मागे. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा." पहिल्या दिवशी नाना पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून लॅबमध्ये आले, तेव्हा मुलं खडबडून उभी राहिली. युनिव्हर्सिटीची तपासणी आली असं त्यांना वाटलं. नाना गोंधळून म्हणाले, "बसा बठ्ठा, बसा." आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

त्या रांगेत एकच मुलगी असायची. प्रवेशाच्या अगदी शेवटच्या फेरीत आलेली, तोवर वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. रावेरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. बाकीच्यांचे गट जमून गेले होते आणि हिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. तिने कॉम्प्युटर आश्रमशाळेत कपाटाच्या काचेतून पाहिला होता, हात लावला नव्हता. माउस टेबलावर ठेवून फिरवायचा असतो, हेही तिला शेजारच्या रांगेत बघून कळलं.

ती आली त्या आठवड्यात ऑफिसमधल्या क्लार्क मॅडम मला जिन्यात भेटल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या भावाची जागा भरली. ती नवीन मुलगी आली ना, तीच." त्यांनी वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. मी "बरं झालं" म्हटलं आणि वर जाऊन पुढचा तास घेतला. तिच्याबद्दल राग आला नाही, माया वाटली नाही. नानांना सांगायचं नाही, एवढं फक्त ठरवलं.

आणि नाना नेमके तिच्या शेजारी बसलेले.

सुरुवातीला ते नुसते बघायचे. मग ती अडली की तेही स्क्रीनकडे वाकायचे, जणू इंजिनात काय बिघडलंय ते बघतायत. दोघांनाही काही येत नसल्यामुळे दोघांची चांगली गट्टी जमली. ती त्यांना आबा म्हणायला लागली. मी जुना कॉम्प्युटर उघडून प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क दाखवली, तेव्हा बाकीची मुलं लांबूनच फोटो काढत होती. नाना आणि ती मुलगी मात्र टेबलापाशी येऊन उभे राहिले. बायनरीच्या तासाला दोघं बोटं दुमडून शून्य-एक मोजत होते. एकदा तिला हसू आलं, नानाही हसले. मी फळ्याकडे तोंड करून पुढचं गणित लिहीत राहिले.

एका प्रॅक्टिकलला मी सगळ्यांना स्वतःबद्दल एक पान टाइप करायला दिलं होतं. नाव, गाव, घरातली माणसं. आमची मुलं मोबाईलवर वाढलेली. तिथे लिहिलेलं आपोआप राहतं. त्यामुळे सेव्ह करा, सेव्ह करा, असं मी सारखं ओरडत फिरत असते. मी मागच्या रांगेत गेले. नाना एका बोटाने टाइप करत होते. ती अक्षर दाखवायची, ते दाबायचे. घरातली माणसं या ओळीखाली त्यांनी तीन नावं लिहिली होती. स्वतःचं, माझं आणि त्याचं.

मी तिथून हलणार तोच लाइट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच्या बसलेल्या. सगळ्या स्क्रीन एकदम काळ्या झाल्या, लॅबभर "अरे!" झालं. पंखे थांबले.

नाना काळ्या स्क्रीनकडे बघत होते. "आपण लिखेल ते?"

"गेलं, नाना. सेव्ह केलं नव्हतं ना."

"कथं गयं?"

हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. तेच दिलं. "कुठे जात नाही ते. रॅममध्ये करंट असतो तोवरच असतं. करंट गेला की नसतं."

"नसस?"

"नसतं."

त्यांनी मान हलवली.   मला माझा आवाज ऐकू येत होता, शिकवतानाचा, स्पष्ट.  एवढंच.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "आबा, लाइट आली की परत लिहू. मला पाठ आहे तुमचं सगळं."

लाइट आली. मशीन सुरू व्हायला वेळ लागला. तिने एकेक शब्द सांगितला आणि नानांनी परत सगळं टाइप केलं, तिन्ही नावांसकट. तिसरं नाव तिने न चुकता सांगितलं. मग तिने त्यांचं बोट धरून सेव्हच्या चिन्हापर्यंत नेलं. मी तिथेच उभी होते. कोपऱ्यातला एक मुलगा "मॅडम, मॅडम" करत होता, त्याच्याकडे जायला मला उशीर झाला.

संध्याकाळी स्कूटीवर मागे बसल्या बसल्या नाना म्हणाले, "पोर हुशार शे."

"हो."

"आपला पोरन्या जागावर ती बसेल शे. माले माहीत शे."

मी गाडी कडेला घेतली. पाइपांनी भरलेला ट्रक शेजारून गेला, धूळ उडाली. मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्याचे मूळ कागद परत घ्यायला ते पहिल्याच दिवशी, लॅबमध्ये येण्याआधी, एकटेच ऑफिसात गेले होते, तिथे त्या मुलीचं नाव घेऊन चाललेलं बोलणं कानावर पडलं होतं. म्हणजे तिच्या शेजारी बसायला लागले, त्याच्या आधीच.

"मग तिच्याजवळच का बसलात?"

"एकटी व्हती ना ती," नाना म्हणाले. मग, "तू चाल आते. अंधार पडी."

त्यांनी तिला कधीच काही सांगितलं नाही, मीही नाही. ती सेमिस्टर पास झाली. फार मार्क नव्हते, पण आमच्या विषयाची तोंडी परीक्षा तिने चांगली दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला मेमरीचे प्रकार विचारले. तिने सावकाश, गावाकडच्या मराठीत, सगळे सांगितले. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. जिन्यात भेटली की आधी आबांची चौकशी करते.

परीक्षा संपल्यावर नाना म्हणाले, आता मी धुळ्याला जातो. मला त्यांना थांबवता आलं नाही. घर बंद राहून वाळवी लागेल, असं कारण त्यांनी दिलं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. ते या वेळी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीपाशी बसले. मला म्हणाले, "जेवत जाय." बस सुटली, वळली आणि दिसेनाशी झाली.

त्या दिवशी स्कूटी दुरुस्तीला दिली होती, म्हणून रिक्षात बसले. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे, ताई?" मला पत्ता आठवत होता, पण तोंडातून येईना. तोंड उघडलं की दुसराच काहीतरी आवाज येत होता. त्याने आरशातून एकदा पाहिलं आणि रिक्षा बंद केली. मागे वळला नाही. स्टँडसमोरची गर्दी दोन्ही बाजूंनी जात होती. बऱ्याच वेळाने मी पत्ता सांगितला.